दुसरी चिठ्ठी

भाषाविज्ञानाच्या पहिल्या पाठात जी व्याख्या सांगितली जाते तिच्यात 'यादृच्छिक' हा शब्द हमखास असतो. भाषा ही यादृच्छिक ध्वनिसंकेतांची व्यवस्था आहे, असे आम्ही शिकलो आणि पुढे वर्षानुवर्षे शिकवत आलो. झाडाला 'झाड' का म्हणायचे याला निसर्गात काही कारण नाही, समाजात तसा संकेत रुळला एवढेच, हे सोस्यूरचे म्हणणे. हाच शब्द शेजारच्या संख्याशास्त्र विभागातही रोज वापरला जातो. मात्र तेथे त्याचा अर्थ 'चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे' असा आहे. आमच्या यादृच्छिकात कारण नसते, पण संकेत असतो, आणि तो एकदा रुळला की कोणा एकाच्या मर्जीने बदलत नाही. त्यांच्या यादृच्छिकात संकेतही नसतो. कोणाची आवड, कोणाचा अनुभव, कोणाची दया यांपैकी कशालाच तेथे शिरकाव नसतो. मराठी कानाला 'यदृच्छा' या शब्दात 'इच्छा' ऐकू येते ही गमतीची गोष्ट आहे, कारण इच्छेला दाराबाहेर ठेवण्यासाठीच तो सगळा खटाटोप असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा यादृच्छिक आहे. एखादे औषध, एखादे खत, शिकवण्याची एखादी पद्धत गुणकारी आहे की नाही हे पाहायचे तर दोन गट करावे लागतात. एकाला नवी गोष्ट द्यायची, दुसऱ्याला जुनी किंवा काहीच नाही. कोणी कोणत्या गटात जायचे हे प्रयोग करणाऱ्याने ठरवायचे नाही, प्रयोगात येणाऱ्यानेही ठरवायचे नाही. ते चिठ्ठीवर सोपवायचे. निवडणुकीपूर्वीच्या पाहणीत लाखो मतदारांतून काही जण यदृच्छेने निवडतात, ते वेगळे. तेथे प्रश्न 'कोणाला विचारायचे' हा असतो. येथे 'आलेल्यांपैकी कोणाला काय द्यायचे' हा असतो.

साहित्याच्या अभ्यासकाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की ही कल्पना आमच्या व्यवसायाच्या मर्मावर बोट ठेवते. कारणे शोधणे हे आमचे काम. कादंबरीत पत्र हरवले तर ते का हरवले यावर आम्ही दोन पाने लिहितो. नायिका गाव सोडते त्या दिवशी पाऊस पडला, आणि तो उगाच पडला असे कोणी उत्तरपत्रिकेत लिहिले, तर आम्ही गुण देत नाही. ही सवय वर्गातून उठून आमच्याबरोबर घरी येते. शेजाऱ्यांचा ताप काढ्याने उतरला, पुतण्या शिकवणी बदलली म्हणून पास झाला. आधीची घटना नंतरच्या घटनेला कारण म्हणून जोडण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

एक घरगुती उदाहरण घेऊ. वाङ्मय मंडळात येणाऱ्या मुलांना मराठीत इतरांपेक्षा चांगले गुण मिळतात, असे वाक्य आमच्या वार्षिक अहवालात असते, आणि ते खरेही असते. पण मंडळात येते कोण? ज्याला आधीपासून वाचनाचा नाद आहे, ज्याला शेवटची एसटी गाठायची घाई नाही, ज्याला संध्याकाळी घरच्या दुकानावर बसावे लागत नाही, तो. मग वाढलेले गुण मंडळाचे, वाचनाचे, की गावात खोली घेऊन राहण्याचे? हे धागे असे गुंतलेले असतात, की नंतर कितीही हुशारीने उकलले तरी एखादा, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, आत राहतोच. चिठ्ठ्या टाकून अर्धी मुले मंडळात आणि अर्धी बाहेर ठेवली, आणि मुलांची संख्या पुरेशी मोठी असली, तर वाचनवेडी मुले दोन्हीकडे साधारण सारखी वाटली जातील, एसटीची मुलेही, आणि ज्या गोष्टीचा आपल्याला पत्ताच नाही तीही. माहीत असलेले फरक हाताने सारखे करता येतात; माहीत नसलेल्या फरकांसाठी मात्र चिठ्ठीच लागते.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाटल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रियांवरून १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक सिद्ध केले, हे वाचकांना ठाऊक आहे. त्या प्रयोगात दुसरा गट नव्हता. त्याच कविता नावासकट वाचणारी मुले शेजारच्या खोलीत बसलेली नव्हती. त्यामुळे मुलांच्या गोंधळात नाव झाकण्याचा वाटा किती, हे त्यावरून सांगता येत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही आणि विभागातल्या एका सहकारी बाईंनी एम. ए.च्या वर्गात हा दुसरा गट करून पाहिला. मुले चाळीस, कविता एक. विसांना कवीचे नाव आणि चार ओळींचा परिचय, विसांना नुसती कविता. चिठ्ठ्या डब्यात टाकल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, त्या मागच्या बाकावरच्या मुलीला नावाशिवायच द्या. तिला कविता कळते, तिला नावाची काय गरज?" बाईंचे निरीक्षण अगदी खरे होते, आणि खरे होते म्हणूनच ते मानता येत नव्हते. कविता कळणारी मुले हेरून एका गटात घातली असती, तर तो गट आम्हांला हव्या असलेल्या निष्कर्षाकडे आपोआप झुकला असता. "चिठ्ठीच उघडू या, बाई," आम्ही म्हणालो. निघाली ती नावासकट. चाळीस मुलांवरून काव्यसमीक्षेचा सिद्धान्त उभा राहत नाही, आणि तसा तो उभा करायचाही नव्हता. पण चिठ्ठी कोणापासून रक्षण करते हे त्या दुपारी दिसले. ती लबाडापासून रक्षण करते तशी जाणकारापासूनही करते. किंबहुना जाणकारापासून अधिक, कारण लबाडापासून आपण सावध असतोच.

या पद्धतीच्या इतिहासात अगदी आरंभी जे नाव येते ते आमच्याच अभ्यासक्रमातले आहे. चिन्हमीमांसा शिकवताना सोस्यूरच्या जोडीने ज्यांचा उल्लेख करावा लागतो ते चार्ल्स सँडर्स पर्स. दोन वजनांतला अगदी बारीक फरक माणसाला जाणवतो का, याचे प्रयोग त्यांनी जोसेफ जॅस्ट्रो या आपल्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केले आणि त्यावरचा निबंध १८८५ साली प्रसिद्ध झाला. वजन आधी वाढवायचे की आधी घटवायचे, हा क्रम त्यांनी पत्ते पिसून ठरवला. माणूस स्वतः क्रम लावू लागला की त्यात नकळत एक लय येते, आणि समोरच्याला ती लय लागते; हे कवितेच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. पत्त्यांना लय नसते. त्यामुळेच एक नवल निःशंकपणे दिसले: फरक मुळीच जाणवत नाही असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचे अंदाजही निव्वळ योगायोगाने यावेत त्यापेक्षा अधिक वेळा बरोबर येत होते.

या युक्तीचे शास्त्र केले ते रोनाल्ड फिशर यांनी. १९१९ पासून ते इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात होते. शेताचा एक कोपरा कसदार, दुसरा पाणथळ. नवे खत कोणत्या वाफ्याला घालायचे हे माणसाने ठरवले, तर आलेले पीक खताचे की जमिनीचे हे कळत नाही. १९३५ च्या 'द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स' या पुस्तकात मात्र त्यांनी हे तत्त्व चहाच्या कपांनी समजावले. एक बाई म्हणतात, कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे मला चवीवरून कळते. तर आठ कप करावेत, चारांत दूध आधी आणि चारांत चहा आधी, आणि ते यादृच्छिक क्रमाने पुढे ठेवावेत. आठांतून चार निवडण्याच्या रीती ७०. म्हणून काहीच न कळता सगळे कप अचूक ओळखले जाण्याचा संभव सत्तरांत एक. हा 'सत्तरांत एक' तेव्हाच खरा, जेव्हा कपांचा क्रम कोणाच्या मर्जीने लागलेला नसतो. बाईंनी शेवटी किती कप ओळखले, हे फिशर त्या पुस्तकात सांगतच नाहीत. आमच्यापैकी कोणी ही गोष्ट लिहिली असती तर शेवट असा अधांतरी ठेवला नसता. फिशरना गोष्टीच्या शेवटात रस नव्हता; शेवट कोणताही झाला तरी त्यावर विश्वास कधी ठेवावा, एवढेच त्यांना सांगायचे होते.

कपाला काही वाटत नाही. माणसाला वाटते, आणि येथून पुढे ही गोष्ट अवघड होते.

क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले. युद्धाने खंक झालेल्या ब्रिटनजवळ ते विकत घ्यायला पुरेसे डॉलर नव्हते. जेवढे हाती आले तेवढ्यात सगळ्या रुग्णांची सोय होणे शक्यच नव्हते. तेथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने मग काटेकोर चाचणी घ्यायचे ठरवले आणि वाटणीची आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी केली. हिल स्वतः पहिल्या महायुद्धात क्षयाने आजारी पडून दीर्घकाळ अंथरुणाला खिळले होते. डॉक्टर होण्याचा बेत त्यांना त्यापायीच सोडावा लागला होता. चाचणीत १०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे नुसती विश्रांती. कोण कोठे, हे यादृच्छिक अंकांवरून ठरवून बंद पाकिटांत ठेवलेले होते. पाकिटावर इस्पितळाचे नाव आणि क्रमांक एवढेच. रुग्णाला चाचणीत घ्यायचे हे ठरल्यावरच पाकीट उघडायचे. त्याआधी 'एकाआड एक' अशी वाटणी करण्याचा प्रघात होता. त्यात पुढची पाळी कशाची हे डॉक्टरला कळते, आणि एखाद्या कोवळ्या मुलाला एक दिवस थांबवून औषधाच्या पाळीत बसवण्याचा मोह होतो. अशा दयेला दोष कोण देईल? पण ती शिरली की शेवटी औषधाचा गुण दिसत नाही, डॉक्टरची निवड दिसते. पाकिटाने ही दया अडवली. ऑक्टोबर १९४८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: पहिल्या सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ मृत्यू, विश्रांतीच्या गटात १४. औषध एकटेच दिले तर क्षयाचे जंतू पुढे त्याला दाद देत नाहीत, हेही याच चाचणीत उघड झाले आणि त्यातून पुढे जोड औषधांची दिशा मिळाली.

याच १९४८ च्या सुरुवातीला जॉर्ज ऑर्वेल स्कॉटलंडमधल्या हेअरमायर्स इस्पितळात क्षयाने पडून होते. त्यांच्यासाठी हे औषध अमेरिकेहून खास मागवण्यात आले. स्नेही आणि संपादक डेव्हिड ॲस्टर यांनी त्यासाठी मदत केली. औषधाची त्यांना भयंकर बाधा झाली, ते बंद करावे लागले, आणि जानेवारी १९५० मध्ये ऑर्वेल गेले. चरित्रकाराला ही हकिकत मोलाची वाटते आणि ती मोलाची आहेच. पण तेवढ्यावरून औषध वाईट म्हणावे, तर त्याच सुमारास त्याच औषधाने जगलेली माणसेही होती. एका माणसाची गोष्ट कितीही खरी असली तरी औषधाबद्दल ती मुकी असते. आम्हा गोष्टींवर जगणाऱ्यांना हे मान्य करणे जड जाते.

क्षयाच्या गोष्टी आमच्या घरातही होत्या. आमच्या एका चुलत आजोबांना औषधोपचारापेक्षा 'हवापालटा'साठी मिरजेच्या बाजूला ठेवले होते, आणि ते बरे होऊन आले ते तिथल्या कोरड्या हवेने, दुधाअंड्याने आणि पूर्ण विश्रांतीने, अशी घरात सर्वांची खात्री होती. ही खात्री केवळ आमच्या घराची नव्हती. आरोग्यधामे तिच्यावरच उभी होती. १९५६ साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची तीच मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून एक केंद्र काढले. शहराच्या गरीब वस्त्यांतले सुमारे दोनशे रुग्ण यादृच्छिक वाटणीने दोन गटांत घातले. औषधे दोघांना तीच, वर्षभर. एक गट आरोग्यधामात, चांगल्या आहारावर आणि विश्रांतीत. दुसरा आपल्याच खोपटात, तुटपुंज्या जेवणावर, अनेकदा कामाला जात. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढलेला दिसला नाही. डोंगरावरच्या हवेवर रचलेला कल्पनेचा एक आख्खा प्रदेश या वाटणीने निकालात काढला. त्याबरोबर लाखो गरिबांसाठी घरबसल्या उपचाराचा मार्गही मोकळा झाला. आमचे आजोबा हवेने बरे झाले की नुसत्या दैवाने, हे आता सांगता येणार नाही. त्यांच्यासारखाच दुसरा कोणी घरी ठेवून पाहिलेला नव्हता.

मद्रासच्या वाटणीत दोन्ही चिठ्ठ्यांवर औषध होते. आता जी हकिकत सांगायची तिच्यात तसे नव्हते, आणि ती आपल्या राज्यातली आहे.

उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला आता धाराशिव म्हणतात, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठी चाचणी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे काम. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. येथे चिठ्ठी एकेका बाईच्या नावाची नव्हती. गावांचे ५२ समूह करून समूहांची वाटणी केली होती. चार प्रकार: एचपीव्ही या विषाणूची तपासणी, पेशींची पॅप तपासणी, व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथ्या गटात जे एरवी मिळते तेवढेच. त्या भागात एरवी तपासणीची व्यवस्थाच नव्हती. तेव्हा चौथ्या गटातल्या स्त्रियांना रोगाची आणि तपासणी कोठे होते याची माहिती मिळाली, एवढेच. २००९ साली निकाल आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी या कर्करोगाने ३४ गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ होत्या. त्यांपैकी ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, हे जगाला या गावांनी दाखवले. इतर दोन तपासण्यांनी या चाचणीत मृत्यू घटल्याचे निश्चितपणे दिसले नाही. मात्र मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या दुसऱ्या चाचणीत आम्लाची साधी तपासणी दर दोन वर्षांनी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले.

या चाचण्यांवर पुढे कठोर टीका झाली. पॅप तपासणीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत दशकानुदशके दिसलेला असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजायचे कशाला, हा आक्षेप. बाजू मांडणारे म्हणतात, की जेथे मुळात व्यवस्थाच नाही तेथे कोणाचे काही काढून घेतलेले नाही. आणि अशा जिल्ह्यात कोणती तपासणी खरोखर जीव वाचवते हे तुलनेवाचून कळले नसते. आम्हांला दोन्ही म्हणणी नाकारता येत नाहीत. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. चिठ्ठी या गावाशी आणि त्या गावाशी सारखीच वागली. तिच्याइतका निःपक्षपाती पंच मिळणे कठीण. मात्र चिठ्ठीवर काय लिहायचे हे चिठ्ठी ठरवत नाही. ते डब्यात टाकण्याआधी माणूस ठरवतो, आणि तेथे यदृच्छेची सबब चालत नाही. चौथ्या चिठ्ठीवर 'एरवी मिळते तेवढेच' असे लिहिताना 'एरवी' काहीच मिळत नाही, हे वास्तव चाचणीने निर्माण केले नव्हते. तिने ते आधारभूत धरले. हिल यांच्या ५२ रुग्णांबाबत औषधाचा तुटवडा हे निदान सर्वांना दिसणारे कारण होते. येथला तुटवडा कशाचा होता?

म्हणून कोणी 'अमुक केल्याने तमुक झाले' असे सांगितले, मग ते औषधाबद्दल असो की अध्यापनाच्या नव्या पद्धतीबद्दल, तर आम्ही आता दोन प्रश्न विचारतो. वाटणी कोणी केली, माणसाने की चिठ्ठीने? आणि दुसऱ्या चिठ्ठीवर काय लिहिले होते? पहिला प्रश्न संख्याशास्त्राचा आहे. दुसरा मात्र आमच्या विषयाचा. कारण मजकुरात जे लिहिलेले नाही ते वाचणे हेच आम्ही मुलांना शिकवतो.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली. भारतात तिसाव्या वर्षानंतर स्त्रियांची तपासणी व्हावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१६ सालीच काढली होती. आणि २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के होत्या. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्के त्या चौथ्या गटातच होत्या म्हणायचे, चिठ्ठी न टाकता. उस्मानाबादच्या त्या ३१,४८८ स्त्रियांच्या घरी माणसे वर्षानुवर्षे जाऊन विचारपूस करत होती. कोण आजारी पडले, कोण गेले याची नोंद झाली. बाकीच्यांची तेवढीही झालेली नाही.